दातांसकट

मृत्यूच्या दारात जाऊन आलेल्या माणसाला क्षमा करता येते, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं. मी त्या दारात अकरा दिवस राहून आले. तिथं तसं काही शिकवत नाहीत. तिथं सकाळी सहाला ताप बघतात, सातला ड्रेसिंग करतात आणि मधल्या वेळात तुम्हाला एकाच माणसाचा विचार करायला भरपूर मोकळीक देतात. माझा माणूस म्हणजे शितोळे साहेब.

हे लिहिते आहे ते दाढदुखी अंगावर काढणाऱ्यांसाठी, त्यातही नुकतीच नोकरी लागलेल्या आणि हातात विम्याचं नवंकोरं कार्ड पडलेल्या पोरापोरींसाठी. थोडं सूड म्हणूनही लिहिते आहे. ते लपवून वर उदात्त चेहरा करण्याइतका माझा जबडा अजून उघडत नाही.

समारंभ

मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. टँकर आला की नमुना घ्यायचा, वास घ्यायचा, चमचाभर उकळून बघायचं. फुटलं तर टँकर परत. ड्रायव्हर हात जोडतो, "मॅडम, एवढ्या बारी घ्या की." मी घेत नाही. प्रत्येक खेपेची एक बाटली तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर दाखवायला पुरावा असतो. तारीख नसलेल्या बाटलीत नुसतं दूध असतं.

शितोळे साहेब आमचे एचआर मॅनेजर. माणूस समारंभाचा. अग्निशामक नळकांडी बदलली तरी ते नारळ फोडतात. गेल्या वर्षी त्यांनी कॅन्टीनमध्ये 'आरोग्य कवच वितरण समारंभ' ठेवला. विमा एजंटाला शाल, नारळ, पुष्पगुच्छ. आम्हाला कार्ड. कार्डावर एक तरुण जोडपं इतकं हसत होतं की त्यांच्या अक्कलदाढासुद्धा मोजता आल्या असत्या.

साहेबांनी माईक हातात घेतला. "विम्याच्या क्षेत्रात आज देशभर सुधारणा होतायत," ते म्हणाले. कोणत्या सुधारणा ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, कारण भजी गार होत होती. "येत्या एक तारखेपासून आपल्याला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत कवच. आणि तिशीच्या आतल्या माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी खास..." इथं ते थांबले. थांबणं त्यांना छान जमतं. "दातांसकट!"

टाळ्यांत सर्वांत जोरात माझी होती. मी पंचवीस वर्षांची होते आणि माझी उजवीकडची खालची शेवटची दाढ पंधरा दिवसांपासून ठणकत होती.

एक तारीख

त्या संध्याकाळी इंदापूरला घरी फोन केला. माझे वडील अण्णा तहसील कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. साऱ्या आनंदाच्या बातम्यांवर त्यांचा एकच प्रश्न असतो.

"लेखी हाय का?"

"अण्णा, कार्ड दिलंय."

"कार्ड ऱ्हाऊ दे. आत काय लिवलंय?"

"पॉलिसी वेबसाइटवर आहे."

"वाचलीस?"

"वाचते."

वाचली नाही. भेळ बांधून दिलेला कागदसुद्धा उलटापालटा करून वाचणारी मी, ती पानं मात्र उघडलीही नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींत दात येतात ते अपघातात पडले तरच, हे मला नंतर कळलं. पण कॅन्टीनमधल्या दीडशे माणसांसमोर माईकवरून सांगितलेली गोष्ट खोटी असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. आपल्याकडे हार घातलेल्या माणसाचं बोलणं कागदाच्या वरचं धरतात. मी स्वतःला यातून वगळलेलं धरत होते.

दातांच्या डॉक्टर कोकरे मॅडम म्हणाल्या होत्या, "या आठवड्यात रूट कॅनल करू. उशीर नको." मी म्हणाले, "एक तारखेनंतर येते." त्या महिन्यात असं सांगणारी मी पहिली नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आमच्या कंपनीतच सहा-सात जणांनी दात राखून ठेवले होते. पॅकिंगमधला प्रशांत तर अर्ध्या तुटलेल्या दाढेवर दोन आठवडे डाव्या बाजूनं जेवत होता. डबा खाताना आम्ही समोरासमोर बसायचो, तो डावीकडून चावायचा, मी पण डावीकडून.

"ताई, एक तारखेला आपण दोघं संगटच जाऊ," तो म्हणायचा. "जोडीनं गेलं की डॉक्टर सूट देत्यात."

एक तारीख आली. मी कार्ड घेऊन मॅडमकडे गेले. तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी विमा कंपनीला फोन लावला, बराच वेळ गाणं ऐकलं आणि मग सांगितलं, "दात नाहीयेत म्हणे यात."

मी तडक शितोळे साहेबांच्या केबिनमध्ये. त्यांनी माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं बघितलं.

"अहो अश्विनी मॅडम, सिस्टीम अपडेट व्हायला आठ दिवस लागतात. एवढी घाई काय?"

मी आठ दिवस थांबायचं ठरवलं. हे वाक्य मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या अनेकदा मनात लिहिलं आणि प्रत्येक वेळी त्यातल्या 'मी'वर थांबले. फुटलेलं दूध एका मिनिटात परत पाठवणारी मी, माझी दाढ मात्र गोळ्या आणि लवंगेच्या तेलावर राखत बसले.

तो दिवस

पाचव्या दिवशी सकाळी उठले तर हनुवटीखाली सूज. दुपारपर्यंत ती सूज लाकडासारखी घट्ट झाली. थुंकी गिळता येईना, म्हणून टॉवेल घेऊन बसले. रूमवरच्या मैत्रिणीनं "काय होतंय?" म्हणून विचारलं तर माझ्या तोंडातून जो आवाज आला तो माझा नव्हता. तोंडात गरम बटाटा धरून कुणी बोलावं तसा होता.

तिनं मला स्कूटीवर घालून कोकरे मॅडमकडे नेलं. मॅडमनी मला तोंड उघडायलाही सांगितलं नाही. बाहेरूनच मानेला हात लावला, खुर्चीवरच्या पेशंटला "उठा" म्हणाल्या, एक फोन केला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली घेतली. रस्ताभर त्या एवढंच म्हणत होत्या, "झोपायचं नाही. ताठ बसायचं." दातांची डॉक्टर हॉर्नवरचा हात न काढता गाडी चालवते आहे, हे बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

हॉस्पिटलात सर्जननी दोन वाक्यांत सांगितलं. दाढेतला पू जिभेखाली आणि मानेत उतरलाय. सूज आणखी वाढली तर श्वासनलिका बंद होईल.

मैत्रिणीनं विचारलं, "किती वेळ आहे?"

"हे बोलतोय तेवढा कमी होतोय," ते म्हणाले.

मला जागं ठेवूनच नाकातून नळी घातली. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी दाढ वेळेवर दाखवावी. नळी बसली, कुणीतरी म्हणालं, "आता झोपा," आणि डोळे मिटताना माझ्या मनात आई-अण्णा नव्हते, देव नव्हता. मनात होतं, अजून तीन दिवस बाकी आहेत, सिस्टीम अपडेट व्हायला.

पाटी

जागी झाले तेव्हा मानेला दोन ठिकाणी चिरून त्यात रबराच्या नळ्या सोडल्या होत्या. दाढ काढली होती. बोलता येत नव्हतं. पायाशी अण्णा उभे होते, इंदापूरहून मिळेल त्या एसटीनं आलेले, काखेत फाइल. आजारी मुलीला भेटायला येताना लोक शहाळं आणतात. अण्णांनी माझ्या जन्माचा दाखला, आधारची झेरॉक्स आणि शाळा सोडल्याचा दाखला आणला होता. त्यातलं काही लागलं नाही. पण ती फाइल त्यांनी तीन दिवस खाली ठेवली नाही.

सुनीता सिस्टरनी मला लहान मुलांची पाटी आणून दिली. त्यांच्या मुलीची होती, कोपऱ्यात सशाचं चित्र. अतिदक्षता विभागातला माझा सगळा संसार त्या पाटीवर झाला. 'पाणी.' 'दुखतंय.' 'आई जेवली का?' एकदा दुपारी वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत सगळी यंत्रं गप्प झाली आणि मला वाटलं, आपला श्वास वायरीतून येत होता, तो संपला. मी पाटीवर नुसत्या रेघा ओढल्या. सिस्टरनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "नळीनं हवा जातीय. विजेचा काय संबंध न्हाय. आकडे मोज." मी सतरापर्यंत मोजले. लाइट आली.

त्याच सिस्टरनी चौथ्या दिवशी नळी निघाल्यावर माझे केस विंचरले. कुणी सांगितलं नव्हतं, ड्यूटीतही बसत नव्हतं. पूर्ण अकरा दिवसांत मी एकदाच रडले, ते तेव्हा.

आईशी मात्र बिनसलं. ती नाकातल्या दुसऱ्या नळीतून पेज सोडायची, आणि सोडता सोडता म्हणायची, "तूच थांबलीस ना गं. आमी का पैसे दिले नसते?" दर वेळी तेच. तिचं खरं होतं, म्हणूनच मला ते सहन होईना. शेवटी मी पाटीवर लिहिलं, 'पुरे.' ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नळी निघाली तरी सुजेमुळे मी तर बोलूच शकत नव्हते, त्यामुळे तो अबोला फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या मानेकडे बघून म्हणाली, "ओढणी घेतली की दिसायचं न्हाय." भांडण मिटल्याची ती खूण होती.

फळांची करंडी

नवव्या दिवशी विम्याचं पत्र आलं. आजाराचं मूळ दातात आहे, दंतोपचार वगळलेले आहेत, कर्मचाऱ्यास याची पूर्वकल्पना देण्यात आली होती. सबब दावा नामंजूर. 'पूर्वकल्पना' हा शब्द मी तीनदा वाचला.

त्याच दुपारी शितोळे साहेब आले. सोबत सफरचंदांची करंडी आणि मोबाइल धरलेला एक कर्मचारी. मला जेमतेम एक बोट जाईल एवढं तोंड उघडत होतं, आणि ते सफरचंदं घेऊन आले होते. करंडी माझ्या मांडीवर ठेवून ते वाकले, फोटो निघाला. कंपनीच्या अंकात छापायला. 'पहिली लाभार्थी.'

अण्णांनी पत्र पुढं केलं. साहेबांनी ते लांबूनच वाचलं.

"त्याचं काय आहे, दातांसकट हे मी भाषणाच्या ओघात बोललो. त्याला कायदेशीर अर्थ नसतो."

मी पाटी उचलली आणि लिहिलं, 'लेखी द्या.'

ते हसले. "बरं वाटतंय म्हणजे!" मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून, एका बापानं दुसऱ्या बापाला सांगावं तसं म्हणाले, "आजकालच्या पोरींनी दात नीट घासायला पाहिजेत, काय?"

अण्णांनी पस्तीस वर्षं कचेरीत 'होय साहेब' म्हणून काढली. त्या दिवशी त्यांनी फक्त पत्राची घडी घातली, फाइलमध्ये ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन पार्किंगमधल्या मोटारसायकली बघत राहिले.

पैसे अण्णांनी ठेव मोडून भरले. ते मी विसरू शकले असते. त्यांची पाठ विसरता येणार नव्हती.

अभिनंदन

महिनाभरानं कामावर गेले. पहिल्याच दिवशी जेवायला बसले तर प्रशांत समोर, अजून डावीकडून चावतोय. गाल किंचित वर आलेला.

"दाखवलं नाहीस?"

"सायेब म्हणले, सिस्टीम अपडेट व्हतीय."

"माझी मान बघ," मी म्हणाले आणि ओढणी काढली.

त्यानं बघितलं, घास खाली ठेवला. "पर ताई, तुमचं येगळं. तुमची दाढ शेवटची व्हती."

मी त्याला धरून न्यायला निघाले तर तो म्हणाला, पगार झाल्यावर जातो, तोवर अपडेट झालं तर बरंच. मी शितोळे साहेबांकडे गेले. म्हणाले, एका ओळीची नोटीस लावा, विम्यात दात नाहीत म्हणून. ते म्हणाले, "एवढा कार्यक्रम केला. आता नाही म्हणून लावलं तर कसं दिसेल?" दोन दिवसांनी परत गेले. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मला चहा पाजला. प्रशांतचा गाल रोज थोडा वाढत होता.

त्या रविवारी मी इंदापूरला अण्णांसमोर बसले. "अण्णा, मला एक अर्ज लिहून पाहिजे."

आमच्या भागात माणसाला जाहीर शिवी दिली तर भांडण होतं, तक्रार केली तर चौकशी बसते. पण माणसाचं जाहीर अभिनंदन केलं तर त्यावर उपाय नाही. कुणाची निवड, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या नवीन ट्रॅक्टरचं आगमन, चौकाचौकात फ्लेक्स असतात. आपल्या चेहऱ्याचा फ्लेक्स उतरवणारा माणूस बारामतीत अजून जन्माला यायचाय.

अण्णांनी चष्मा पुसला. अर्ज लिहिला. आमच्या गेटसमोरच्या हॉटेलवाल्याच्या नावे. 'विषय : आपल्या खासगी आवारात अभिनंदनपर फलक लावण्यास संमती मिळणेबाबत.' एकही खाडाखोड नाही. खाली माझी सही घेतली, आणि हॉस्पिटलातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसलं.

"तारीख टाक," ते म्हणाले.

फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "वाढदिवस का निवड?"

"अभिनंदन."

साहेबांचा फोटो त्यांच्याच स्टेटसवरचा घेतला. त्यानं न सांगता त्यांचे दात कॉम्प्युटरवर पांढरे केले. "समद्यांचेच करतो," म्हणाला. मजकूर त्यांचाच होता, मी एक शब्द वाढवला नाही. 'तिशीच्या आतील तरुणांना डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत, दातांसकट आरोग्य कवच मिळवून देणारे मा. शितोळे साहेब यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली, 'शुभेच्छुक : समस्त दाढदुखीग्रस्त कर्मचारी.' आणि एक ओळ, 'अधिक माहितीसाठी साहेबांना समक्ष भेटावे.'

साहेब सकाळी आले, गाडी थांबवली, खाली उतरले. फ्लेक्सपुढं उभं राहून फोटो काढून घेतला आणि स्टेटसला ठेवला. हॉटेलवाल्यानं एक हारही घातला. शेवटच्या ओळी त्यांनी वाचल्या नसाव्यात. दोष देत नाही, मीही पॉलिसी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टँकरचा एक ड्रायव्हर केबिनच्या दारात आला. "सायेब, दाढ हलतीया. कुठं दाखवायची?" मग कॅन्टीनच्या मावशी, पोराला घेऊन. "ह्याचं पुढचं दात वाकडं हायत. तारा बसवायच्या. तिशीच्या आतलाच हाय, बारावा लागलाय." मग शेजारच्या कारखान्यातली चार पोरं. गुरुवारी भिगवणहून एक मासळीवाले आबा आले, धोतर, टोपी, हातात रुमालात बांधलेली कवळी.

"आबा, ही योजना तिशीच्या आतल्यांसाठी आहे," साहेब म्हणाले.

"मी न्हाय," आबा म्हणाले, "पर कवळी दोन वर्साचीच हाय."

हे मी स्वतः ऐकलं. त्या आठवड्यात प्रयोगशाळेचे अहवाल एचआरला द्यायला मीच जात होते, दिवसातून चारदा.

शुक्रवारी मालकांचा फोन आला म्हणतात. शनिवारी सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. कंपनीचा शिक्का, तारीख, आणि मजकूर, 'सदर विमा पॉलिसीमध्ये दंतोपचारांचा समावेश नाही. तसा समावेश असल्याचे कोणीही सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.' खाली सही, शितोळे.

प्रशांतनं तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं. "म्हंजी कवा बी न्हाय?"

"कधीच नाही."

"मग आधी सांगायचं की राव," तो भिंतीला म्हणाला आणि हाफ डे टाकून कोकरे मॅडमकडे गेला. त्यांनी त्याच दिवशी दाढ उघडून पू काढला. मॅडमनी मला फोन करून सांगितलं, आणखी आठवडाभरात तो तुझ्या वाटेनं गेला असता.

त्या नोटिशीचा फोटो अण्णांनी फाइलला लावला आणि दाव्याच्या फेरविचाराचा अर्ज पाठवला. विमा कंपनी म्हणते पूर्वकल्पना दिली होती. ही पाहा कल्पना, आणि ही पाहा तिची तारीख, मुलगी घरी आल्यानंतरची. सोबत सर्जनचं पत्र, की त्यांनी चिरली ती मान होती. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मान मंजूर, दात नामंजूर. अण्णांनी ते पत्र माझ्या हातात न देता उभं राहून वाचून दाखवलं. कचेरीत हुकूम वाचतात तसं.

दाढ दुखत असेल तर

आज जा. सूज हनुवटीखाली उतरली, गिळताना त्रास झाला, आवाज बदलला तर दातांच्या दवाखान्यातही थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलात जा. कार्डावरच्या चित्राला काही अर्थ नाही. माईकवरच्या बोलण्याला तर साहेबांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे नाहीच. पॉलिसीत 'वगळलेले' असं लिहिलेलं पान शोधा, तेवढं एक वाचा. आणि कुणी 'अपडेट होतंय' म्हणालं तर ते तारखेसह लिहून मागा. न दिल्यास काय करायचं ते वर सांगितलं आहे.

आईच्या सांगण्यावरून ओढणी घेत होते, आता घेत नाही. बघायला आलेल्या एका मुलानं विचारलं, "हे काय झालं?" मी सगळं सांगितलं, फ्लेक्ससकट. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.

गेल्या आठवड्यात

नवीन दात बसवायचं विचारायला कोकरे मॅडमकडे गेले. बाकावर शितोळे साहेब बसले होते. एकटेच. डावा गाल सुजलेला, त्यावर रुमाल.

"अश्विनी मॅडम," ते म्हणाले. आवाज माझ्या ओळखीचा होता. गरम बटाट्याचा नव्हे अजून, पण त्या वाटेवरचा.

"कधीपासून?"

"तवापासूनच, समारंभापासून." ठणक्यानं त्यांचं माईकवरचं मराठी गळून पडलं होतं. "खरं सांगू का? एजंटानं मला शपथेवर सांगितलं व्हतं, दात हायत म्हणून. अपडेट व्हईल म्हणून. मी बी वाटच बघत व्हतो. मला वाटलं, माझं वय जास्त हाय पर स्टाफमधी धरत्याल." ते खाली बघत राहिले. "तुमच्या अण्णांना मी जे बोललो हॉस्पिटलात..."

माझ्या मनात काहीतरी सैल होऊ लागलं. पुस्तकात म्हणतात तेच असावं. त्यांची हनुवटी मी निरखून बघितली, तिच्याखाली सूज नव्हती, गिळता येत होतं, तासभरानं काही बिघडणार नव्हतं. तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

आत गेले आणि मॅडमना दात बसवण्याच्या सर्व पद्धती सविस्तर विचारल्या. प्रत्येकीचे फायदे. मग तोटे. मग हिरड्यांची निगा. मॅडम मधे एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अजून काही?" मी म्हणाले, "दात घासायची बरोबर पद्धत एकदा दाखवता का?" त्यांनी दाखवली. मी परत विचारली. पाऊण तासानं बाहेर आले.

साहेब उठले. रिसेप्शनवरच्या बाईंनी फॉर्म पुढं ओढला, पेन उघडलं आणि न बघता विचारलं, "विमा आहे का?"

"न्हाय," ते म्हणाले. "रोख."